पाकिटावरचं नाव

आमच्या मेडिकलमध्ये येणारं गिऱ्हाईक औषधाचं नाव क्वचितच घेतं. “ती लाल-पिवळी कॅप्सूल द्या”, “मागच्या खेपेला दिली होती ती, पांढरी, मधे रेघ असलेली”, “पोट साफ व्हायची”, “पावरची”. काहीजण तर नाकपुडीशी बोट नेऊन जोरात श्वास ओढून दाखवतात. टीव्हीवरची जाहिरात त्यांनी पाहिलेली असते, आम्हीही पाहिलेली असते. एक शब्द न बोलता व्यवहार पुरा होतो. खरी परीक्षा असते ती फॉइलच्या तुकड्याची. हा तुकडा पर्समधून, मोबाइलच्या कव्हरमागून, कधी पदराच्या गाठीतून निघतो. एका गोळीपुरता कातरलेला, घड्या पडलेला, आतली गोळी केव्हाच पोटात गेलेली. नाव नेमकं मधोमध तुटलेलं आणि हाताशी उरलेली अक्षरं एवढीच: ‘सिन’. आता ‘सिन’वर संपणारी औषधं कपाटात ढिगानं असतात. तापाची क्रोसिन, घशासाठी अझिथ्रोमायसिन, सांध्यांसाठी इंडोमेथासिन. मग चौकशी सुरू होते. कशासाठी घेता? सकाळी की रात्री? उपाशीपोटी का? डॉक्टर कुठले? शेवटी गिऱ्हाईकच वैतागतं, “अहो, तुमच्याच दुकानातनं नेली होती की!”

नावाचं हे असं आहे. पुस्तकात प्रत्येक औषधाला तीन नावं असतात. एक रसायनशास्त्राचं, ते परीक्षा संपल्यावर कोणी उच्चारत नाही. दुसरं मूळ औषधाचं, उदाहरणार्थ पॅरासिटामॉल. तिसरं कंपनीनं ठेवलेलं, आणि जग चालतं ते या तिसऱ्यावर. क्रोसिन, कॅल्पोल, डोलो या तिघींच्या पोटात पॅरासिटामॉलच आहे. पण एकाच घरातल्या सासूबाईंना एक लागू पडते आणि सूनबाईंना दुसरी. घरातली शांतता महत्त्वाची, म्हणून मी दोन्ही देतो. फक्त एवढं बजावतो की एकाच माणसानं दोन्ही घेऊ नयेत. मोठ्या माणसानं दिवसाला चार ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेऊ नये अशी मर्यादा आहे आणि यकृताला पाकिटावरची नावं वाचता येत नाहीत. त्याच्या हिशेबी सगळं एकाच खात्यावर पडतं.

नावानं डोकेदुखी थांबते का? ब्रिटनमध्ये ब्रँथवेट आणि कूपर या दोघांनी हे मोजून पाहिलं आणि १९८१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं. डोकेदुखीसाठी नेहमी गोळ्या घेणाऱ्या ८३५ बायकांचे त्यांनी चार गट केले. एका गटाला जाहिरातीतल्या प्रसिद्ध नावाच्या पाकिटातली ॲस्पिरिन, दुसऱ्याला तीच ॲस्पिरिन साध्या पाकिटात. तिसऱ्या गटाला प्रसिद्ध नावाच्या पाकिटात औषध नसलेली गोळी, चौथ्याला साध्या पाकिटात औषध नसलेली गोळी. तासाभरानं विचारलं, कसं वाटतंय? औषधाची गोळी बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली, हे ठीकच. पण नाववाली ॲस्पिरिन बिननावाच्या ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरली, आणि नाववाली नुसती गोळीसुद्धा बिननावाच्या नुसत्या गोळीपेक्षा! म्हणजे जाहिरातीवर खर्च झालेल्या पैशातला काही भाग खरोखरच गोळीत उतरला होता. जाहिरात खात्यातल्या मंडळींना हा निबंध फ्रेम करून लावायला हरकत नाही.

पुढे २००८मध्ये अमेरिकेत किमतीचं माप घेतलं गेलं. बोस्टनमधल्या ८२ निरोगी स्वयंसेवकांच्या मनगटाला विजेचे हलके झटके द्यायचे, मग गोळी द्यायची, मग पुन्हा झटके. निम्म्यांना सांगितलं की हे नवं वेदनाशामक आहे, एका गोळीला अडीच डॉलर पडतात. उरलेल्यांना सांगितलं की किंमत उतरवून दहा सेंट केली आहे. गोळी दोन्हीकडे सारखीच आणि तिच्यात औषध काहीच नाही. महाग गोळीवाल्यांपैकी ८५ टक्क्यांना वेदना कमी वाटली, स्वस्तवाल्यांपैकी ६१ टक्क्यांना. या अभ्यासाला त्याच वर्षी ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात. जाता जाता एक गंमत: या अभ्यासातल्या एका संशोधकाचं नाव आणखी एका निबंधावर होतं, तो निबंध माणसांच्या प्रामाणिकपणावर होता. त्यातली आकडेवारी बनावट निघाली आणि २०२१मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यामुळे ८५ आणि ६१ हे आकडेही मी मिठाच्या चिमटीसकटच घेतो. पण काउंटरवर जे रोज दिसतं ते याच्याशी जुळतं, हेही खरं.

काय दिसतं? रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या जेनेरिकमध्ये काढून दिल्या आणि बिल सांगितलं की काही चेहरे खुलण्याऐवजी उतरतात. “एवढ्यातच? मग चालतील ना?” मी सांगतो, मूळ औषध तेच आहे. ते मान डोलावतात, पैसे देतात आणि पुढच्या महिन्यात जुन्या नावाची चिठ्ठी घेऊन हजर होतात. जेनेरिकच्या दर्जाबद्दल प्रश्न विचारणं रास्तच आहे, ते ब्रँडबद्दलही विचारावेत. पण हा प्रश्न दर्जाचा नसतोच. स्वस्त वस्तूवर आपला जीव बसत नाही.

सरकारनं या अडचणीवर आपल्या परीनं उपाय केला, म्हणजे नाव ठेवलं. स्वस्त औषधांचं पहिलं जनऔषधी दुकान नोव्हेंबर २००८मध्ये अमृतसरला उघडलं, तेव्हा दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं. सरकार बदललं, योजनेचं नावही दोनदा बदललं आणि शेवटी ते झालं ‘प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना’. इंग्रजी आद्याक्षरं घेतली की पीएमबीजेपी. हा योगायोग असेल तर असे योगायोग जमवणाऱ्या माणसाला कुठल्याही औषध कंपनीनं डोळे झाकून नोकरी द्यावी. आपल्याकडेही राजीव गांधींच्या नावाची जीवनदायी आरोग्य योजना २०१७मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाची झाली. पेशंटच्या नातेवाइकांचं काय? ते आजही दवाखान्यात “ते पिवळं कार्ड चालतं ती योजना” असंच विचारतात. म्हणजे राजकारणातही गिऱ्हाईक नाव विसरतं आणि रंग लक्षात ठेवतं.

रंगावरून आठवलं. गावोगावच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर असायचे तेव्हा औषध बाटलीतून मिळायचं. बाटली घरून न्यायची. कंपाउंडर मोठ्या बरणीतून गुलाबी मिक्श्चर ओतायचा, पाणी घालायचा, बूच दाबून बाटली उलटी-सुलटी हलवायचा आणि तिच्या अंगाला खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. ते मिक्श्चर बहुतेकदा पोटातला वारा सरकवणारं साधं पाचक असे, पण त्याची चव अशी काही जहाल, की घेणाऱ्याला वाटावं, आता रोगाची धडगत नाही. गोड औषधावर आमच्या आधीच्या पिढीचा विश्वासच नव्हता. इंजेक्शनचंही तेच. सुई न टोचता नुसत्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर कितीही हुशार असला तरी “त्यानं काही केलंच नाही” असा निकाल बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर लागतो.

कधीकधी औषध स्वतःच स्वतःची जाहिरात करतं. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी हळदीसारखी पिवळी होते, कारण त्यातलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्वच मुळात पिवळं आहे आणि शरीर जास्तीचं बाहेर टाकून देतं. गिऱ्हाईक मात्र खूश होऊन सांगतं, “लागू पडतंय बघा, सगळी घाण निघाली.” निघालं ते औषधच, पण सांगणार कोण? क्षयावरचं रिफॅम्पिसिन लघवी नारिंगी करतं, त्याचा मात्र उपयोग आहे. पेशंटनं गोळी खरंच घेतली की खिडकीतून टाकली, हे त्यावरून ताडता येतं.

औषधवाल्यांनी नावाची ही ताकद फार लवकर ओळखली. अटलांटात जॉन पेम्बर्टन नावाचा औषधनिर्माता होता. १८८६च्या मे महिन्यात त्यानं डोकेदुखी आणि थकवा घालवणारं म्हणून एक सरबत तयार केलं. ते जेकब्ज फार्मसीच्या सोडा काउंटरवर पाच सेंटला ग्लास या दरानं विकायला ठेवलं. पहिल्या वर्षी सरासरी दिवसाला नऊ ग्लास खपले. नऊ! आमच्या शेजारचा लिंबूसरबतवाला एवढ्यावर गाडा बंद करून गावी गेला असता. पेम्बर्टनचा हिशेबनीस होता फ्रँक रॉबिन्सन. त्यानं त्या सरबताला ‘कोका-कोला’ हे नाव सुचवलं आणि ते वळणदार अक्षरात लिहूनही काढलं. ते अक्षर आज जगातल्या बहुतेक टपऱ्यांवर आहे. पेम्बर्टन १८८८मध्ये वारला, धंद्याचे हक्क एसा कँडलर या दुसऱ्या औषधवाल्याकडे गेले. कँडलरनं त्यातल्या औषधी दाव्यांचा आवाज हळूहळू उतरवला, नावाचा चढवला, गडगंज झाला आणि १९१७मध्ये अटलांटाचा महापौर म्हणून खुर्चीत बसला. तिकडे नॉर्थ कॅरोलायनात केलेब ब्रॅडहॅम या आणखी एका फार्मसिस्टनं ‘ब्रॅड्स ड्रिंक’ काढलं होतं. १८९८मध्ये त्यानं त्याचं नाव ‘पेप्सी-कोला’ केलं. पेप्सी हे अपचनाच्या इंग्रजी नावावरून. म्हणजे जगातली ही दोन महाभांडखोर सरबतं मूळची डोकेदुखीची आणि पोटदुखीची. लग्नात जेवणानंतर कोणी “जरा कोला घ्या, पचायला बरं” म्हणालं तर मी वाद घालत नाही, इतिहास त्याच्या बाजूनं आहे.

त्याच नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात पोर्टर यांचं औषधाचं दुकान होतं. तिथं त्यांचा पुतण्या विल्यम सिडनी पोर्टर काउंटरवर उभा राहायचा, पुड्या बांधायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांची व्यंगचित्रं काढायचा. १८८१मध्ये त्याला फार्मसिस्टचा परवाना मिळाला. पुढे टेक्सासमध्ये बँकेतल्या अफरातफरीच्या खटल्यात तो तुरुंगात गेला, आणि तिथं हाच परवाना कामाला आला: रात्रपाळीला तुरुंगाच्या दवाखान्यात औषधं द्यायची आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहायच्या. त्या गोष्टी बाहेर आल्या त्या ‘ओ. हेन्री’ या नावानं. ग्रीन्सबरोतलं ते दुकान १८९०मध्ये लन्सफर्ड रिचर्डसन या फार्मसिस्टनं भागीदारीत विकत घेतलं. त्यानं सर्दीपडशावर चोळायचं मलम बनवलं. स्वतःचं लांबलचक आडनाव डबीवर मावेना, म्हणून नात्यातल्या डॉ. जोशुआ विक यांचं आखूड नाव उचललं. विक्स. एकाच दुकानातून जगाला शेवटी कलाटणी देणारी कथाही मिळाली आणि छातीला चोळायचं मलमही. फार्मसी कॉलेजात हे शिकवत नाहीत, ही मोठी उणीव आहे.

अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेले ह्यूबर्ट हम्फ्री हेही आमच्याच बिरादरीतले. साउथ डाकोटात वडिलांचं औषधाचं दुकान होतं. तिथं माणसांसाठी ‘हम्फ्रीज चेस्ट ऑइल’ आणि डुकरांसाठी ताकदीचं मिश्रण, असा दोन्ही मतदारसंघांना धरून ठेवणारा धंदा चालायचा. १९६८ची अध्यक्षपदाची निवडणूक ते निक्सनकडून थोडक्यात हरले.

पण मलम, छापखाना आणि राजकारण यांची खरी त्रिवेणी आपल्याकडे झाली, तीही मुंबईत. काशीनाधुनी नागेश्वरराव हे तेलुगू गृहस्थ. त्यांनी १८९३मध्ये मुंबईत अमृतांजन काढलं. हे पिवळं, डोळ्यांतून पाणी काढणारं मलम खपवायचं कसं? संगीताच्या मैफलींना जाऊन ते रसिकांना फुकट वाटायचे. रात्रभर पक्कं गाणं ऐकणाऱ्या माणसाचं कपाळ कधी ना कधी ठणकणारच, हा हिशेब किती अचूक होता पाहा. डबीतून पैसा आला, त्या पैशातून १९०८मध्ये मुंबईतच त्यांनी ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं. १९१४मध्ये ते मद्रासला जाऊन दैनिक झालं. म्हणजे सकाळी वर्तमानपत्र देऊन डोकं उठवायचं आणि त्याच मालकाचं मलम देऊन ते उतरवायचं. असा परिपूर्ण धंदा नंतर कोणाला जमला नाही. नागेश्वरराव स्वातंत्र्यलढ्यात होते, आंध्र प्रांताच्या मागणीत अग्रभागी होते. आंध्र आणि रायलसीमा यांच्यातला १९३७चा समझोता झाला तो मद्रासच्या त्यांच्या ‘श्रीबाग’ या बंगल्यात, आणि त्या बंगल्याच्याच नावानं तो ओळखला जातो. एका राज्याच्या जन्मकुंडलीत बामच्या बाटलीचं घर आहे, हे मला फार आवडतं.

त्या काळची मराठी वर्तमानपत्रं उघडून पाहावीत. बातम्यांपेक्षा औषधांच्या जाहिराती जास्त चुरचुरीत. डोंगरे बालामृताची गुटगुटीत बाळं, शक्तिवर्धक गोळ्या खाऊन दंड दाखवणारे पैलवान, आणि एकाच बाटलीत पटकी, हिवताप, मूळव्याध, स्मरणशक्ती असा सगळा संसार मांडणारे वैद्यराज. या दाव्यांना आवर घालायला १९५४मध्ये औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. त्यात जादूच्या उपायांच्या व्याख्येत ताईत, मंत्र आणि कवच यांची नावं घेतली आहेत, आणि परिशिष्टात ५४ रोग-व्याधींची यादी आहे, ज्यांवर अमुक औषध चालतं अशी जाहिरात करायची नाही. यादी वाचण्यासारखी आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार ठीक. पण त्यात लठ्ठपणा आहे आणि माणसाची उंचीही आहे. आता लोकलच्या डब्यात डोकं वर करून बघा, किंवा रात्री उशिरा टीव्ही लावा. पंधरा दिवसांत पोट आत आणि उंची वर. कायद्याच्या परिशिष्टात देवी आणि प्लेग आहेत, त्यांची जाहिरात मात्र कोणीच करत नाही. तेवढ्यापुरता कायदा कडकडीत पाळला जातो. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ १९५८च्या पुस्तकात आला, कायद्यानंतर चारच वर्षांनी. त्यात वजन उतरवण्याचे सल्ले देणारी अख्खी चाळ आहे. चाळीला कायदा लागू नव्हता, आणि अजूनही नाही.

सरकार स्वतःच जाहिरातदार झालं की काय होतं, याचा नमुना म्हणजे निरोध. साठच्या दशकात लोकसंख्येला आळा घालण्यासाठी सरकारनं कंडोम साबण-चहासारखा घरोघरी पोचवायचा ठरवला. योजना आखायला कलकत्त्याच्या आयआयएममधली मंडळी बसली. देशभर सगळ्या भाषांत कळेल असं नाव हवं. नाव सुचवलं गेलं ‘कामराज’. नाव म्हणून फक्कड, अर्थ लगेच ध्यानात येतो. अडचण एवढीच की त्या वेळी सत्ताधारी काँग्रेसचे अध्यक्ष होते के. कामराज. शिवाय ते आजन्म अविवाहित! ती सूचना अर्थातच फायलीत राहिली आणि संस्कृत कोशातून ‘निरोध’ बाहेर आला. १९६८मध्ये तो बाजारात आला तेव्हा तिनाच्या पाकिटाची किंमत होती पंधरा पैसे. हिंदुस्तान लिव्हर, ब्रुक बाँड, लिप्टन, युनियन कार्बाइड अशा कंपन्यांच्या गाड्या साबण, चहा आणि बॅटऱ्यांबरोबर तोही खेडोपाडी नेऊ लागल्या. भिंतीभिंतीवर उलटा लाल त्रिकोण आला. विक्रीशास्त्राच्या अभ्यासकांनी या मोहिमेवर पुष्कळ लिहिलं आहे. पण सरकारी कपाटात ‘कामराज’ नावाची एखादी नमुन्याची पाकीट-रचना तयार होती का, या प्रश्नाशिवाय मला त्यातलं दुसरं काही सुचत नाही.

एवढी वर्षं झाली, तरी गिऱ्हाईक अजून दुकान रिकामं व्हायची वाट पाहतं. आधी एक खोकल्याची गोळी घेतं, मग टूथब्रश बघतं, मग बँडेजची चौकशी, आणि शेवटी घसा खाकरून खुणेनं. सॅनिटरी पॅडचीही तीच गत. आम्ही ते वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर काळी पिशवी चढवतो. आता काळ्या पिशवीत दुसरं काहीच कोणी देत नाही. त्यामुळे ती पिशवी घेऊन निघालेल्या मुलीच्या हातात काय आहे, हे अख्ख्या गल्लीला कळतं. पारदर्शक पिशवीतून नेलं असतं तर कोणी वळूनही पाहिलं नसतं. माझ्या दुकानात हल्ली शाळा-कॉलेजच्या काही मुली “पिशवी नको काका” म्हणून पाकीट तसंच दप्तरात टाकतात. पिशवीचे पैसे वाचतात, हा माझा फायदा.

लपवाछपवीचा विषय निघाला की दारूबंदी आलीच. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा झाला, त्यात मद्यार्क असलेली औषधं आणि अत्तरंही सापडली. एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. त्यांना व्हिस्की-ब्रँडी तर हवी होतीच, पण ओ-द-कोलनही हवं होतं. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा बहुतांशी उचलून धरला आणि औषधं व प्रसाधनं तेवढी मोकळी केली. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फार्मसीतून व्हिस्की मिळायची; दुकानदारांनी चिक्कार कमावलं, असं वाचून जीव हळहळतो. आपल्याकडे तो कायदा आजही जिवंत आहे, फक्त त्यातून जायला परमिटचं दार ठेवलंय. म्हणून तर हॉटेलच्या पाटीवर ‘परमिट रूम’. एका दिवसाचं परमिट विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. आणि परमिट द्यायचं कारण? ‘आरोग्य टिकवण्यासाठी व राखण्यासाठी’. म्हणजे कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर महाराष्ट्रात संध्याकाळी ग्लास उचलणारा प्रत्येक गृहस्थ तब्येत सांभाळत असतो. नावाची किमया म्हणायची ती हीच. एवढं औषध आमच्या परवान्यात मात्र बसत नाही.

उलट प्रकारही घडतो. नाव विषाचं आणि माल औषधाचा. वॉरफरिन १९४८मध्ये अमेरिकेत उंदीर मारायला आलं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन निधीनं कामाला पैसे दिले होते, त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून हे नाव. रक्त गोठू न देणं हा त्याचा गुण. उंदराच्या तो जिवावर बेततो, पण मोजक्या मात्रेत हृदयविकाराच्या माणसाला तोच हवा असतो. १९५५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला तेव्हा त्यांना ते दिलं गेलं. आपण मराठी माणसं उंदीर मारायचं विष मागतानाही “उंदराचं औषध द्या” असंच म्हणतो, त्यामुळे आपल्याला या बातमीचं नवल वाटायला नको. संस्थेचं नाव औषधाला देण्यात पिंपरीही मागे नाही. १९५४मध्ये उभ्या राहिलेल्या तिथल्या सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांनी बुरशीवरचं एक औषध शोधलं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव हॅमायसिन. ते ज्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याचं शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’. गावाचं नाव लोकल स्टेशनच्या पाटीवर सगळ्यांचंच असतं, जीवाणूवर कोणाचं असतं?

आणि शेवटी एक अशी वस्तू, जिला ब्रँड नाही, जाहिरात नाही, दुकानात मिळत नाही, तरी सगळा देश ती बोटावर मिरवत फोटो काढतो. मतदानाची शाई. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. तिच्यातला मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट, आमच्या धंद्यातला जुना ओळखीचा; चामखीळ जाळायच्या काडीत तोच असायचा. त्वचेवर तो लागला की घामातल्या मिठाशी त्याचं संयुग होतं, ते पाण्यात विरघळत नाही. वर ऊन पडलं की त्यातली चांदी काळी होऊन कातडीच्या वरच्या थरात बसते. म्हणून मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वेगळंच गिऱ्हाईक येतं. कोणाच्या घरी साखरपुडा, कोणाची फोटोची कामं. “ॲसिटोन द्या, शाई काढायचीय.” त्यानं फार तर वरचा जांभळा रंग जाईल, चांदी नाही. कातडीवरची दोन-तीन आठवड्यांत थर झडतील तशी जाते, नखावरची नख वाढून कापलं जाईल तेव्हा. “मग पुढच्या निवडणुकीपर्यंत जाईल ना काका?” एकानं विचारलं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासकच बसले होते. तेवढ्यात माणसाला नवी नखं कितीतरी वेळा येतात. मी त्याला सांगितलं, निश्चिंत राहा, आणि हँडवॉश विकला.